उचलून पाहू नका

रक्त पाहिलं की मी पडतो. लपवण्यात अर्थ नाही, सगळ्या तळेगावाला ठाऊक आहे. माझं हार्डवेअरचं दुकान. खिळे, पत्रे, करवती सगळं विकतो, पण गिऱ्हाइकाचं बोट कापलं तर पाणी मलाच पाजावं लागतं. शेजारी अश्वजितचं वेल्डिंगचं दुकान आहे. आम्ही बालवाडीपासूनचे दोस्त, आणि माझी ही कीर्ती गावभर करण्याचं श्रेय त्याचंच.

त्या दिवशी भरदुपारी त्याच्या ग्राइंडरची चकती फुटली. आधी आवाज आला, मग एक शिवी आली, मग काहीच आलं नाही म्हणून मी धावलो. अश्वजित अर्धवट झालेल्या गेटला टेकून बसला होता. चकतीचा तुकडा त्याची जांघ फाडून गेला होता. मी एवढंच पाहिलं आणि भिंत धरली.

नशीब, बाबाराव तिथेच होते. भाजीची ने-आण करणारा त्यांचा छोटा हत्ती टेम्पो मागच्या फाळक्याच्या वेल्डिंगला आला होता. गावात कुठेही बकरा कापायचा तर पहिलं बोलावणं बाबारावांना. रक्ताचं त्यांना काय कौतुक?

"पौर्णिमाले फोन लाव," अश्वजित म्हणाला. पौर्णिमा त्याची बायको, उपकेंद्रात नर्स. मीटिंगसाठी आर्वीला गेली होती. मी फोन स्पीकरवर टाकला, काय झालं ते सांगितलं आणि पट्टा आवळू का विचारलं.

"जांघेत पट्टा बांधून भागत नाई, भाऊ," ती म्हणाली. "भिंतीवर लाल डबा आहे. त्यात रक्त गोठवायच्या पट्टीची दोन पाकिटं आहेत. एक फोडा. पट्टी जखमेत खोल भरा अन् दोन्ही हातानं पाच मिनिटं दाबून ठेवा. उचलून पाहू नका."

बाबारावांनी पाकीट फोडलं, पट्टी चोळून पाहिली. "याले तं मातीच लावली दिसते. माती काय इथं कमी आहे?"

"ती शुद्ध केलेली माती आहे, भाऊ. तिच्यानं रक्त लवकर धरते. भरा लवकर."

बाबारावांनी भरली, दाबली. मी भिंतीकडे तोंड करून पाच मिनिटं मोजू लागलो. अर्धं मिनिट झालं असेल नसेल, बाबाराव म्हणाले, "पाहू तं द्या थांबलं काय."

आणि पाहिलं. आपल्याकडे भातावरचं झाकण उचलल्याशिवाय कोणाला राहवत नाही, तर ही जखम. पट्टी निघाली, तिच्याबरोबर नुकतं धरू लागलेलं रक्तही निघालं. "आलं बे परत," बाबाराव म्हणाले. आता त्यांचाही आवाज चिरका झाला होता.

पौर्णिमानं ते फोनवर ऐकलं. मग म्हणाली, "एकच पाकीट राह्यलं. बाबारावभाऊ, तुम्ही फक्त भरा अन् गाडी काढा. दाबतीन भूपेंद्रभाऊ."

"मी?" मी भिंतीकडे तोंड करूनच विचारलं. "वहिनी, मले तं पाहवत बी नाई."

"म्हणूनच तुम्ही. डोळे मिटा अन् दाबा. त्याले आर्वीलेच आणा, मी दवाखान्यात उभीच आहे."

असं सर्टिफिकेट मला जन्मात कोणी दिलं नव्हतं.

छोट्या हत्तीत कोबीच्या क्रेटांमध्ये अश्वजितला आडवं केलं. मी गुडघ्यांवर बसलो, डोळे मिटले, बाबारावांनी दुसरी पट्टी भरली आणि माझे हात धरून तिच्यावर ठेवले. मी कोपरं ताठ करून सगळं वजन टाकलं. हाताखाली गरम ओलं लागत होतं. ते रक्त की माझाच घाम, कळायला मार्ग नव्हता आणि जाणून घ्यायची इच्छाही नव्हती.

"जरा हळू दाब ना बे," अश्वजित कण्हला. "गहू दळून राह्यला काय?"

"चूप पड."

"डोळे उघड, आर्वी आली."

"खोटारड्या, आताच तं निघालो."

असं बोलत होता तोवर ठीक होतं. मग खड्डा आला, गाडी उसळली, आणि त्यानंतर तो बोलेना.

"अश्वजित?"

काही नाही. गाडीचा खडखडाट तेवढा.

"अबे बोल ना. शिवी दे पाहिजे तं."

नुसती पापणी उचलायची होती. जिवंत आहे की गेला, एका नजरेत कळलं असतं. पण मी पाहिलं असतं तर पडलो असतो, आणि पडलो असतो तर हात सुटले असते. आयुष्यभर मी भीतीनं डोळे मिटत आलो. त्या गाडीत ते उघडायचा मोह आवरता आवरेना. दात आवळले आणि दाबत राहिलो. मला रडू येत होतं, ते येऊ दिलं.

गाडी थांबली. माणसं चढली. कोणीतरी माझी मनगटं धरली. "सोडा आता, आम्ही धरलंय."

"नाई."

"भाऊ," पौर्णिमाचा आवाज कानाजवळ आला, "सोडा. रक्त थांबलं आहे."

बोटं एकेक करून तिलाच उचलावी लागली. डोळे मी तसेच मिटून ठेवले होते. "वहिनी, तो आहे ना?"

ती काही बोलायच्या आत खालून खोल गेलेला आवाज आला, "आहे बे. पण तुहा गुडघा माह्या हातावरून काढ, केव्हाचा चेंगरून राह्यला."