बॅगेत बसली म्हणून घेतलेली कॅबिनेट

मित्रांनो, मी एक जुनी कॅबिनेट आहे. कॉम्प्युटरचे सगळे भाग ज्या पत्र्याच्या पेटीत बसवतात, ती मी. तुम्ही पडद्याकडे बघता, कीबोर्ड बडवता, गेम अडकला की माऊस आपटता. माझ्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. माझी तक्रार नाही. पत्र्याला कसला आलाय मानअपमान! पण माझ्या पोटात एक कप्पा होता आणि आता तो नाही. तो का नाही, एवढं सांगते. मग तुम्ही तुमच्या खेळाला मोकळे.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्रा कापला, वाकवला, भोकं पाडली, रिव्हेट ठोकले, काळा रंग फासला, झाले तयार. पुढच्या बाजूला हार्ड डिस्क ठेवायचा एक कप्पा होता, चार रिव्हेटनी पक्का केलेला. खोटं कशाला बोलू, मला त्या कप्प्याचा भारी तोरा होता. शेजारच्या स्वस्तातल्या पेट्यांना असा कप्पा नव्हता. त्यांच्याकडे मी जरा वरूनच बघायचे.

पुण्याच्या एका दुकानात चंद्रहास मला घ्यायला आला. तो ओमानमधल्या सोहारला, अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात मेंटेनन्सला. वर्षातून एकदा मिळणारी त्याची सुट्टी संपत आली होती. आता गल्फमधल्या माणसाची कुठलीही खरेदी एकाच परीक्षेतून जाते, बॅगेत बसतं का? कुकर असो, मिक्सर असो, नाहीतर देव्हारा. चंद्रहासने खिशातून टेप काढली आणि मला बाहेरून मोजलं. उंची, रुंदी, जाडी.

"साहेब, आत काय काय बसवायचंय?" दुकानदाराने विचारलं.

"ते बघू नंतर. बॅगेत बसतेय ना? मग हीच द्या."

झालं! माझी निवड झाली. तेव्हा मला वाटलं, काय रुबाब आहे माझा, एका नजरेत पसंत!

घरी त्याची बायको मनाली सामान भरत होती. बॅगेत रिकामी जागा दिसली की तिला चैन पडत नाही. मला उघडून तिने माझ्या पोटात गोडा मसाला, भाजणी, कुळथाचं पीठ आणि मेतकुटाच्या पिशव्या कोंबल्या. माझ्या लाडक्या कप्प्यात मसाल्याची पिशवी बरोब्बर बसली. पिशवी कुठेतरी फाटली आणि मी मसाल्याने माखले. पहिल्यांदा पोटात काय गेलं, तर हे. मस्कतच्या विमानतळावर कस्टमच्या माणसाने मला उघडलं आणि तो बघतच राहिला.

"ये क्या है? कॉम्प्युटर?"

"मसाला," चंद्रहास म्हणाला.

त्याने वाकून वास घेतला, दोनदा सणसणीत शिंकला आणि हसत हात हलवला. "यल्ला, यल्ला, जाओ!"

सोहारच्या फ्लॅटमध्ये पोचल्यावर चंद्रहासने मला टेबलावर ठेवलं. त्यांची मुलगी वल्लरी नववीत होती. तिने माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि कपाळाला हात लावला.

"बाबा, तू उलटं केलंस! आधी प्रोसेसर डिसाइड करतात, मग त्याला चालेल तो बोर्ड. कॅबिनेट लास्ट घेतात."

"अगं, पेटीच तर आहे. पेटीत काय असतं?"

"पेटीतच सगळं असतं ना!"

पोरगी बरोबर बोलत होती. पण बाप कारखान्यात मोठमोठी यंत्रं दुरुस्त करतो. घरातल्या डबड्याबद्दल तो कशाला ऐकतोय!

नातेवाइकांना सांगायला कॉम्प्युटर वल्लरीच्या अभ्यासासाठी होता. खरा होता तो मनालीसाठी. ती आर्किटेक्ट. लग्नाआधी पुण्यात एका ऑफिसात इमारतींची ड्रॉइंगं करायची. वल्लरी पोटात असताना काम सुटलं, मग सोहार, मग ते राहूनच गेलं. आता तिची कॉलेजातली मैत्रीण आकांक्षा स्वतःचं ऑफिस चालवत होती. तिने फोन केला होता, "एका घराचं मॉडेल पाठवते. तू घरून पूर्ण करून दे. आवडलं तर कायमचं काम देते. पण रविवारच्या आत हवं हं मनाली, दुसरी मुलगी तयार बसलीय." घरातला जुना लॅपटॉप ते मॉडेल उघडतानाच मान टाकायचा. म्हणून हा सगळा खटाटोप.

त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरची आफरीन वल्लरीकडे आली होती. तिचे वडील महमूदभाई रत्नागिरीचे. सोहारच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा अ‍ॅल्युमिनियमच्या दारं-खिडक्यांचा वर्कशॉप आहे. मी टेबलावर उघडी पडले होते.

"कोणासाठी आहे गं?" आफरीनने विचारलं.

"आईसाठी, मे बी. काहीतरी ड्रॉइंगचं आहे."

"आंटी जॉब करते?"

"नाही गं. काही नाही करत. घरीच असते."

मनाली लिंबाच्या सरबताचे ग्लास घेऊन दारात उभी होती. तिने ऐकलं. ग्लास ठेवले, बिस्किटं हवीत का विचारलं आणि आत गेली. वल्लरीचं लक्षही नव्हतं. पोरीच्या मनात काही वाईट नव्हतं, जे दिसत होतं ते तिने सांगितलं. मनालीला मात्र ते लागलं. त्या दिवशी तिने आतल्या खोलीत भांडल्यासारखे कपडे घडी केले.

बाकीचे भाग वल्लरीने जमवले. पत्रिका जुळवाव्यात तशी ती रोज एकाचं दुसऱ्याशी जुळवत बसायची. या प्रोसेसरला हा बोर्ड चालतो, त्याला नाही. या बोर्डावर ही मेमरी बसते, जुनी बसत नाही. सगळ्यांना पुरेल एवढा पॉवर सप्लाय. एकही चूक नाही. एकेक भाग माझ्या पोटात बसत गेला आणि मी थोडी जड झाले, थोडी ऐटीत आले. राहिलं ग्राफिक्स कार्ड. त्याशिवाय मनालीचं मॉडेल पडद्यावर हलणार नव्हतं.

गुरुवारी ड्यूटीवरून येताना चंद्रहास ते घेऊनच आला. कंपनीतलं एक कुटुंब फायनल एक्झिटवर कायमचं भारतात निघालं होतं. अशी मंडळी जाताना सोफ्यापासून चमच्यापर्यंत सगळं विकतात.

"तगडं कार्ड आहे! असलं कोणाकडे नाही," तो खुशीत म्हणाला.

कार्ड खरंच तगडं होतं. तगडं आणि लांब. वल्लरीने ते माझ्यात सरकवलं आणि ते माझ्या कप्प्याला जाऊन अडलं. तिरकं करून बघितलं, काढून परत लावलं, चंद्रहासने जोर लावून बघितला. बोटभर जागा कमी पडत होती.

"परत दे ना बाबा."

"कोणाला देऊ? ते विमानात बसले पण!"

चंद्रहासने सोहारमधल्या दोन दुकानांत फोन लावला. एकाकडे मोठी कॅबिनेट नव्हती, दुसरा म्हणाला मागवावी लागेल, इन्शाल्ला पुढच्या आठवड्यात. फोन ठेवून चंद्रहास सोफ्यावर टेकला.

"जाऊ दे. आकांक्षाला सांग ना थांबायला. एवढी काय घाई आहे?"

मनाली त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"घाई? ही पोटात होती तेव्हा मी शेवटचं ड्रॉइंग केलं. ती आता नववीत आहे. आणि तू मला घाई विचारतोस?"

"अगं, पण मला वाटलं नव्हतं तुला हे एवढं हवंय."

"तू विचारलं होतंस कधी? मलाच विचारलं नाहीस, या डबड्याला काय विचारणार! बाहेरून मोजलंस, बॅगेत बसलं, झालं तुझं!"

डबडं! मला. पण ती वेळ माझा अपमान मोजायची नव्हती. तिचे डोळे भरले होते. वल्लरी एकदा आईकडे, एकदा बाबाकडे बघत होती. तिने आईला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

मनालीने डोळे पुसले, चंद्रहासची टेप उचलली आणि मला आतून मोजलं. असं मला आजवर कोणी मोजलं नव्हतं. लांबी घेतली, कप्प्याची खोली घेतली, बोट फिरवून चारही रिव्हेट चाचपले.

"वल्लू, हा कप्पा कशासाठी?"

"हार्ड डिस्कसाठी. पण आपली डिस्क बोर्डवरच बसते. तो एम्प्टीच राहणार."

"म्हणजे काही उपयोग नसताना जागा अडवून बसलाय."

मित्रांनो, ज्याच्या जिवावर मी मिरवले, त्याबद्दल हे ऐकायचं! कारखान्यातून कोणी धावत येईल आणि म्हणेल, खबरदार, असं मला वाटलं. कोण येणार? कोणी आलं नाही.

शुक्रवारी सकाळी सगळे भाग बाहेर निघाले. महमूदभाई ड्रिल घेऊन वर आले. माझ्याकडे बघून ते म्हणाले, "वहिनी, नवीकोरी हाय ही. मी मारू काय ड्रिल?"

"नको भाई. फक्त धरा. मी मारते."

"अगं मनाली, हात घसरला तर?" चंद्रहास म्हणाला.

"घसरला तर माझा घसरेल."

तिने चष्मा नीट केला आणि पहिल्या रिव्हेटवर ड्रिल टेकवलं. पत्र्याला दुखत नाही, तेव्हा उगाच हळहळू नका. मला राग मात्र सणकून आला. पहिला रिव्हेट उडाला, दुसरा उडाला. तिसऱ्याला तिचा हात खरंच घसरला आणि माझ्या अंगावर एक लांब चरा उठला. तो अजून आहे. चौथा सुटला तसा माझा कप्पा खणकन फरशीवर पडला. मनालीने कडा कानशीने घासल्या, पत्र्याचा कीस ब्रशने नीट झाडून काढला, सगळे भाग परत लावले आणि कार्ड आत सरकवलं.

बसलं. इतकं अलगद बसलं की वल्लरीने टाळ्याच वाजवल्या.

बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. ढिम्म! मनालीने एकेक वायर चाचपून बघितली. वल्लरी पुटपुटली, "आपण काहीतरी तोडलं का गं?"

तेव्हा चंद्रहास उठला. कारखान्यात बंद मशिनीपुढे सगळे डोकं धरून बसले की हा आधी सप्लाय बघतो. तो माझ्या मागे गेला, वाकला आणि म्हणाला, "अरे, पाठीमागचा खटकाच बंद आहे!"

खटका खाली गेला आणि माझ्यातले पंखे भिरभिरले. थोड्या वेळाने मी तापले आणि खोलीभर गोड्या मसाल्याचा वास पसरला. त्या फाटक्या पिशवीतला मसाला माझ्या कानाकोपऱ्यात शिल्लक होता.

"अय्या, आमटी!" वल्लरी म्हणाली, आणि सगळी जणं खो खो हसत सुटली. मनालीसुद्धा. महमूदभाई तर डोळे पुसत जिना उतरले.

रविवारच्या आत मॉडेल गेलं. आकांक्षाचा फोन आला तेव्हा मनाली पोळ्या लाटत होती. पिठाच्या हातानेच तिने तो घेतला. काम मिळालं होतं. ती स्टुलावर बसली आणि ढसाढसा रडली. चंद्रहासने गॅस बंद केला, कारण तव्यावरची पोळी जळत होती. मग टेप काढून तो खिडकीजवळची जागा मोजायला लागला. "मनाली, टेबलाखाली पाय पसरायला तुला किती जागा लागेल गं?" त्याने विचारलं, आणि तिने सांगितली तेवढीच लिहून घेतली.

त्यानंतर मी दोन वर्षं राबले. घरं, शाळा, एक दवाखाना, सगळ्यांची ड्रॉइंगं माझ्या पोटातून गेली. सोहारची धूळ माझ्या जाळीत बसायची, मनाली ब्रशने काढायची. पुढे काम वाढलं, तिने नवी मोठी कॅबिनेट घेतली. तेव्हा आधी आतून मोजली, हे सांगायला नको. माझी रवानगी बाल्कनीत झाली. पाण्याच्या बाटल्यांशेजारी उभी होते, माझ्यावर ओले मोजे वाळत. त्याचंही दुःख नाही. कधी वाटायचं, बरी होते मी. पण कोणाला सांगणार?

परवा आफरीन वर आली. दोघी आता बारावीत आहेत. तिला स्वतःचा पहिला कॉम्प्युटर बनवायचाय. वल्लरीने माझ्यावरचे मोजे काढले, मला पुसलं आणि उघडलं. आफरीन वाकून बघायला लागली.

"ए, ही आतून कापलीय? कोणी कापली गं? आणि हा केवढा स्क्रॅच!"

"माझ्या आईने," वल्लरी म्हणाली. "ती आर्किटेक्ट आहे."

मनाली सरबताचे ग्लास घेऊन दारात उभी होती. ग्लास ठेवायचे आहेत हे ती विसरूनच गेली. वल्लरीने वळून बघितलं आणि ट्रे तिच्या हातातून घेतला.

आता मी एक मजला खाली राहायला जातेय. तेव्हा मित्रांनो, पहिला कॉम्प्युटर बनवायला घ्याल तेव्हा पेटी शेवटी घ्या आणि आतून मोजा. आमच्या जाळीवरची धूळ अधूनमधून झाडत जा. आणि घरात कोण काय करतं असं कोणी विचारलं, तर उत्तर द्यायच्या आधी एकदा आत जाऊन त्या माणसालाच विचारून या.