नवव्या दिवसाचं पाणी

साहेब, पाणी तुम्ही खाल्लंत हे सगळ्या गावाला माहीत आहे. पण तुम्ही आमच्या बायांची झोपसुद्धा खाल्लीत, त्याची नोंद कुठल्याच कागदावर नाही. टाकी बांधली म्हणून फीत कापलीत, फेटे बांधून घेतलेत, आणि नळाला पाणी मात्र नवव्या दिवशी, तेही विजेची लहर लागेल तेव्हा. त्या दिवशी या गावातली बाई गाढ झोपत नाही. तोटी उघडी टाकते, खाली पातेलं पालथं घालते आणि एक कान जागा ठेवून पडते. पाण्याच्या आधी नळातून वारा येतो, नळ घोरायला लागतो, मग पातेल्यावर ताडताड वाजतं. तोवर ती बाई उठून पदर खोचून उभी असते.

शिवकन्या अशी तीस वर्षं उठली. सिरसाळ्याच्या रस्त्याला तिच्या नवऱ्याचं, संगमेश्वरचं, भांड्यांचं दुकान. घर दुकानाच्या मागंच. नवव्या दिवशी दुकानातल्या कोऱ्या घागरीही ती भरून ठेवायची आणि गिऱ्हाईक आलं की त्याला उद्या ये म्हणायची.

यंदाच्या थंडीत ती तीन महिने डेन्मार्कला लेकीकडं राहून आली. पोचल्या दिवशीच तिनं लेकीची सगळी पातेली, दोन बादल्या आणि काचेची फुलदाणीसुद्धा काठोकाठ भरून ठेवली. सकाळी जावई, रविराज, चहासाठी रिकामं पातेलं शोधत स्वयंपाकघरभर फिरत होता. वैष्णवी मात्र हसली नाही. आईचा हात धरून तिनं नळापाशी नेलं, नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला.

"हितलं पाणी जात न्हाई गं. तू झोप."

मग शिवकन्या झोपली. तीस वर्षांची थकलेली झोप अंगावर पांढऱ्या गोधडीसारखी पडली. जागेपणीही तिथं स्वप्नात असल्यासारखंच वाटायचं. बर्फ पडताना आवाज व्हायचा नाही. दुकानांच्या बाहेर बाबागाड्यांमध्ये तान्ही लेकरं गुरगटून झोपलेली असायची आणि आया आत कॉफी पीत बसलेल्या. एका लेकराच्या राखणीला शिवकन्या अर्धा तास थंडीत उभी राहिली, कुणी उचलून नेईल म्हणून. त्याची आई बाहेर आली, हिच्याकडं बघून गोड हसली आणि गाडी ढकलत निघून गेली. वैष्णवीला दिवस गेले होते, तर सरकारची सुईण स्वतः घरी यायची, बूट दारात काढायची, पोटाला कान लावायची, आणि जाताना शिवकन्येलाही विचारायची, तुम्हाला काही लागतंय का.

पण दुपारी साडेतीनला अंधार पडायचा. शेजारच्या दाराआड कोण राहतं, हे चार वर्षांत वैष्णवीला कळलं नव्हतं. आई निघाली त्या दिवशी ती म्हणाली, "आई, हितं सगळं हाय. रडायला माणूस न्हाई."

आता तिचा सातवा सरत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी. विमानात बसायचं तर याच आठवड्यात, पुढं डॉक्टर सोडणार नव्हता. शिवकन्येच्या व्हिसाचे दिवस संपलेले, तिला लगेच परत जाता येणार नव्हतं. म्हणजे लेक इकडं आली तरच आईच्या हातचं बाळंतपण, नाहीतर तिथं एकटीनंच. संगमेश्वर म्हणाला, येऊ दे, कावून घाबरतीस. बाळंतिणीला तेल लावणारी सुंदरबाई तर येऊन खाट बघून गेली. मठातल्या स्वामींना लेकराच्या लिंगधारणेचं, गळ्यात इष्टलिंग बांधायचं, सांगून ठेवलं होतं. फक्त पाणी लई लागंल, सुंदरबाई म्हणाली, रोजच्या सहा घागरी धर. शिवकन्येनं मान हलवली. मंगळवारी दुपारी चारला लेकीचा फोन आला की ती तिला ये म्हणणार होती.

मंगळवार नववा दिवस होता. पिंप तळाला गेलेलं. तिनं पातेलं पालथं घातलं आणि एप्रिलच्या उन्हात डोळे मिटले. स्वप्नात बर्फ वितळत होता. सगळ्या देशाचं पाणी पायऱ्या उतरून तिच्या अंगणात येत होतं. एका गाडीत तिचं नातवंड झोपलं होतं आणि पाणी त्या गाडीला हळूच झोका देत होतं. इतका मोठा आवाज होता पाण्याचा, आणि तिला उठायची काही घाई नव्हती.

जाग आली तेव्हा शेजारची बबिता ओल्या लुगड्यानं दारात उभी होती.

"काकू, येऊन गेलं की पाणी. पाऊण घंटा होतं. तुमची तोटी बंद कावून हाय?"

शिवकन्येनं नळाकडं बघितलं. तिनंच बंद केली होती. भाजी धुतली की बंद, हात धुतले की बंद. तिकडं तीन महिन्यांत हाताला लागलेली सवय. पातेलं कोरडं होतं. बबितानं दोन घागरी आणून ओतल्या आणि म्हणाली, यापेक्षा जास्त माझ्याकडं पण न्हाई.

चारला पंधरा मिनिटं कमी होती. शिवकन्येनं चपला घातल्या आणि मोबाइल घेऊन थेट तुमच्या पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात आली. तुम्ही पंख्याखाली होतात. कारकून मुंजाजी म्हणाला, विलायत बघून आल्या बाई, आता गावाचं पाणी गोड लागंना. चार माणसं हसली. तुम्ही म्हणालात, नवीन योजना मंजूर आहे, काम होऊन जाईल. कधी, तिनं विचारलं. लवकरच, तुम्ही म्हणालात, आणि सही करायला मान खाली घातलीत.

तेवढ्यात मोबाइल वाजला. वैष्णवीचा चेहरा दिसला. सुजलेला, तेल न लावलेले केस, मागं खिडकीत राखाडी उजेड. आई, तिकीट काढू ना, ती विचारत होती. शिवकन्येच्या घशाशी 'ये' हा शब्द आला होता. तिनं तो गिळला आणि मोबाइल तुमच्या कागदांवर उभा धरला, लेकीचं तोंड तुमच्याकडं करून.

"साहेब, जून महिन्यात माझ्या घरी रोज सहा घागरी पाणी येणार हाय का न्हाई? मला नका सांगू. हिला सांगा. तिकडं ती तिकिटासाठी थांबलीय. बोला."