चोळीची बाही

हरिबानं बीपीचं यंत्र डॉक्टर शरयू यांच्या टेबलावर आपटलं.

“ह्ये घ्या. धा दिस झालं बायकोच्या मातीला. आता तुमीच वापरा.”

दवाखान्यातल्या बाकावरची माणसं दारातून डोकावू लागली. हरिबानं खिशातली वहीही काढून टेबलावर टाकली.

यंत्र त्याच्या फौजी पोरानं, धनाजीनं, शहाण्णवच्या दिवाळीला कॅन्टीनमधून आणलं होतं. दंडाला पट्टा गुंडाळून बटण दाबलं की आकडा दिसायचा. त्याच्या बायकोला, बयाबाईला, एसटी सोसत नसे. म्हणून हरिबा रोज तिचा बीपी वहीत लिहायचा आणि महिन्याला एकटाच जतहून मिरजेला यायचा. आकडे चढेच असायचे. डॉक्टरांनी गोळी दुप्पट केली. पंधरा दिवसांत बयाबाई गोठ्यात चक्कर येऊन दगडी गव्हाणीवर पडली आणि डोक्याला लागून गेली.

“दुप्पट गोळी कुनी सांगितली?”

“मीच.”

“मग चुकलं म्हना. त्येवढंच ऐकाय आलोय.”

डॉक्टर वही चाळत राहिल्या. मग यंत्र त्याच्याकडे सरकवून म्हणाल्या, “मामा, पट्टा कसा बांधत होता, दाखवा.”

“आता काय परीक्षा घेताय माजी?”

तरी त्यानं स्वतःच्या शर्टावरूनच पट्टा गुंडाळला आणि करकचून ओढला.

“मावशींना असाच? चोळीच्या बाहीवरून?”

“मग?”

“कपड्यावरून बांधला की खरा बीपी कमी असला तरी आकडा चढा येऊ शकतो. दंड उघडा लागतो. आधी पाच मिनिटं गप बसायचं, हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवायचा, मोजताना बोलायचं नाही.”

“ह्ये आज सांगतायसा?” हरिबाचा आवाज बाहेरपर्यंत गेला. “म्हैन्याला येत हुतो न्हवं मी? एकदा तरी इचारलं का, कसं बांधतोस म्हनून?”

डॉक्टरांनी चष्मा काढला.

“नाही विचारलं. गोळी वाढवण्याआधी त्यांना एकदा माझ्या हातानं तपासायला हवं होतं. मी नुसती वही वाचली. माझं चुकलं, मामा.”

याच शब्दांसाठी हरिबा अडीच तास एसटीत उभा राहून आला होता. त्यानं पट्टा सोडला, वही खिशात घातली आणि दारापर्यंत गेला. दारातल्या माणसांनी वाट दिली.

तो तिथंच उभा राहिला.

“यंत्रासंगं आलेल्या पुस्तकात चित्र हुतं,” तो पाठमोराच म्हणाला. “दंड उघडा दावलेला. धनाजीनंबी सांगितलं हुतं.”

डॉक्टरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

“पैल्या दिशी तिनं चोळीतनं हात काढला हुता. यंत्र बघाय सगळी आळी जमल्याली. मी वरडलो तिच्यावर. हात आत घाल म्हनलो, लाज सोडलीस का. त्येच्यानंतर तिनं कवा काढलाच न्हाई.”

तो वळला. त्याचा चेहरा लाल झाला होता.

“आता का गप बसलायसा, बाई? घाला की मला शिव्या!”