ॲडजस्ट करून घे

मित्रांनो, उरवडे गावाजवळच्या एका कारखान्यातला मी जुना पॉवर प्रेस आहे. साच्यावर पत्रा ठेवून पायडल दाबलं की माझा जड ठोकळा खाली येतो आणि पत्र्याची वाटी होते.

मी नवा होतो तेव्हा भिवाजी मिस्त्री मला सांभाळायचे. 'ॲडजस्ट' हा शब्द मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकला. त्यांच्या लेखी त्याचा अर्थ एकच होता. मशीन बंद करायचं, पाना घ्यायचा आणि साचा जागेवर नीट बसेपर्यंत दुसऱ्या कामाला हात लावायचा नाही. माझ्यापुढची लोखंडी जाळी ते रोज हलवून बघायचे. ती लागल्याशिवाय मी चालूच होत नसे.

भिवाजी निवृत्त झाले आणि तो शब्द सुपरवायझर नरहरींच्या तोंडी आला. माणूस वाईट नव्हता, पण वरून त्यांच्यामागे सारखी घाई असे. पंखा बंद पडला, ॲडजस्ट करा. जोडीदारीण आली नाही, दोघींचं काम ॲडजस्ट कर. हळूहळू जेवणाची सुट्टीही ॲडजस्ट होऊ लागली. मग एक दिवस माझी जाळी मोडली. ती भिंतीला टेकवून ठेवली, जाळी लागली की मला चालू करणारा तिचा स्विच वायर जोडून फसवला आणि मला तसंच चालू केलं.

कोळवणची सुलक्षणा तेव्हा माझ्यावर कामाला होती. तिने विचारलं, "साहेब, जाळी न्हाई. हात कसा घालू?"

"आजच्या दिवस ॲडजस्ट करून घे. माल न्यायला गाडी उभी आहे," नरहरी म्हणाले.

दुपारी पत्रा साच्यात अडकला. तो काढायला तिने हात आत घातला आणि नेमका पाय पायडलवर पडला. मला ओरडता आलं नाही. थांबताही आलं नाही. शेजारच्या गोजराबाईंनी धावत येऊन मेन स्विच पाडला, तोवर सुलक्षणाची दोन बोटं गेली होती. नरहरी तिला उचलून गाडीकडे पळाले. ते पुन्हा कामावर आले नाहीत.

नंतर नवी जाळी आली. आज सकाळी तीही मोडली. नव्या साहेबांनी वायर जोडायला लावली, तोच शब्द उच्चारला आणि ते ऑफिसात गेले.

माझ्यासमोर आता रेश्मा बसली आहे. कालच लागलीय, म्हणून तिने काही विचारलं नाही. तिने बांगड्या वर सारल्या आहेत, पत्रा उचलला आहे.

मित्रांनो, कुणी दारात असाल तर आत या. मेन स्विच खांबावर आहे. आधी तो पाडा, कोण रागावतं ते नंतर बघू.