बारा काड्यांचा ॲन्टेना

ईश्वररावांनी मार्चात केबल तोडली आणि एप्रिलात अनसूयाबाईंचं भजनी मंडळ दूरदर्शनवर दिसणार होतं. दोन्ही गोष्टी त्यांना ठाऊक होत्या. जोडून बघायची गरज वाटली नाही. "सरकारी चॅनल हवेतून फुकट येतं. गच्चीवर ॲन्टेना लावतो," म्हणाले. बायकोला त्या कार्यक्रमात एकटीनं म्हणायच्या दोन ओळी होत्या. पन्नाशीत पहिल्यांदा तिचा गळा जग ऐकणार होतं, रविवारी साडेचारला, एकदाच.

मग ॲन्टेनाची निवड सुरू झाली. मुलगी बघायला आले तेव्हाही ईश्वररावांनी इतकी चिकित्सा केली नव्हती, हे अनसूयाबाई स्वानुभवानं सांगू शकत होत्या. स्टेशनजवळच्या दुकानदारानं चार काड्यांचा पुढे केला. "अंकल, वरली का टावर है, इधर ये बहुत हो गया." गिऱ्हाइकाचं पडलेलं तोंड पाहून त्यानं आतून बारा काड्यांचा आणला. खोक्यावर 'डिजिटल' असं चकचकीत लेबल होतं. त्याचा अर्थ दुकानदारालाही माहीत नव्हता, पण ईश्वररावांनी समजल्यासारखी मान डोलावली.

शनिवारी इंद्रलोक वस्तीतल्या त्यांच्या बिल्डिंगवर ते धूड उभं राहिलं, तोंड उत्तरेला. रेवदंड्याला त्यांच्या घरचा ॲन्टेना उत्तरेलाच असायचा, कारण तिथून मुंबई उत्तरेला. गाव सोडून तीस वर्षं झाली, मुंबईच्याही उत्तरेला, तिच्या डोक्यावर येऊन बसले, तरी यांची मुंबई उत्तरेलाच. टीव्हीवर मुंग्याच मुंग्या.

मुर्धा गावाहून मासळी घेऊन येणाऱ्या सुगंधाबाईनं खालूनच मान वर केली. "दादा, तोंड वसईकडं हाय त्याचा. मुंबय मागं ऱ्हायली."

"तू पापलेटं बघ," ईश्वरराव म्हणाले. बायकोनं तेच सांगितलं तेव्हा त्यांनी पाना मागितला.

रविवारी चारपासून ते गच्चीवर. "आलं का?"

"नाही," अनसूयाबाई खिडकीतून म्हणाल्या.

काठी बोटभर फिरली. "आलं का?"

"नाही. अहो, उलटीकडे फिरवा ना."

"अक्कल शिकवू नकोस. तू फक्त बघ."

साडेचारला तीन मिनिटं कमी होती. अनसूयाबाईंना राग आला. आजचा नव्हे, साठवलेला. त्या पुन्हा खिडकीत गेल्या. "आलं! अगदी स्वच्छ. आता हलवू नका, तसंच धरून ठेवा." मग दार ओढून घेतलं आणि समोरच्या स्वातीकडे केबलपुढे जाऊन बसल्या.

त्यांच्या ओळी आल्या तेव्हा स्वातीनं त्यांचा हात घट्ट धरला. आवाज त्यांना वाटला होता त्याहून चांगला होता.

अनसूयाबाई घरी परतल्या आणि पाचला ईश्वरराव खाली उतरले, उन्हानं लाल झालेले, दंड अवघडलेले. टीव्हीवर मुंग्या धावत होत्या. "बघ, मी सोडला आणि गेलं," ते म्हणाले. "कसं दिसलं?"

"छान."

"मुंग्या नव्हत्या ना?"

"नव्हत्या."

"खरखर?"

"तीही नव्हती."

ते समाधानानं खुर्चीत टेकले आणि चहा मागितला. अनसूयाबाईंनी आधण ठेवलं आणि ओट्यापाशी थांबल्या. अजून एक प्रश्न बाकी होता, त्यांच्या दोन ओळींचा. तो विचारला असता, तर त्यांनी सगळं खरं सांगून टाकलं असतं.

"आणि तो गाढव," ईश्वरराव म्हणाले, "चार काड्यांचा माझ्या गळ्यात मारत होता."