पांढऱ्याचा व्यास

पूलच्या टेबलावर पंधरा रंगीत बॉल होते, एक पांढरा, कडेला टेकवलेल्या क्यूच्या तीन काठ्या, अर्धा झिजलेला निळा खडू, आणि सौमित्रच्या खिशात कॉलेजपासूनचा व्हर्नियर कॅलिपर. पंधराही रंगीत बॉलचा व्यास त्याने मोजला होता: सत्तावन्न पूर्णांक दोन दशांश मिलिमीटर. पांढरा त्यांच्याच घरातला, म्हणून तो मोजायचा सोडून दिला होता.

राइट टाउनच्या या क्लबात रविवारी पूलचे जोडीचे सामने होते आणि प्रणोतीला जोडीदार हवा होता. तो आपणच व्हावं, म्हणून सौमित्रचा जीव असा टांगणीला लागला होता, की तसा एम.एस्सी.च्या निकालाच्या वेळीही लागला नव्हता. प्रणोतीने सरळ सांगून टाकलं होतं, "दहा तिरपे शॉट. सहा पॉकेटात गेले तर तू. नाही तर आल्हाद."

आल्हाद खुर्चीत समोसा खात बसला होता. नेम कसा धरतोस, असं सौमित्रने त्याला एकदा विचारलं, तेव्हा तो म्हणाला होता, "दिसून राहते ना भैया, मग मारून देतो." याला उत्तर म्हणतात का, या विचाराने सौमित्रची झोप उडाली होती.

सौमित्रकडे खरं उत्तर होतं. रंगीत बॉलवर, पॉकेटच्या बरोबर उलट्या बाजूला एक बिंदू असतो. पांढरा तिथे टेकला पाहिजे. पण नेम त्या बिंदूवर धरून भागत नाही, कारण पांढऱ्यालाही अंग असतं. तिथे एक न दिसणारा बॉल आधीच टेकून बसलाय असं समजायचं आणि पांढऱ्याचा मध्य त्याच्या मध्यावर न्यायचा. हे त्याने प्रणोतीला इतक्यांदा समजावलं होतं, की ती त्या बॉलला 'तुझे पाहुणे' म्हणू लागली होती.

दहापैकी चार गेले.

"अच्छा, चलो," प्रणोती म्हणाली. "आल्हाद, हात पूस."

"थांब!" सौमित्रने पांढरा उचलून रंगीताशेजारी धरला. लहान दिसत होता. कॅलिपर लावला: बावन्न पूर्णांक चार.

"स्नूकरचा आहे तो," आल्हाद म्हणाला. "आपला हरवला ना होळीत. सगळ्यांना माहीत आहे."

"मग मला काहून नाही सांगितलं?"

"तू एकेक मोजून राहिला होता. आम्हाला वाटलं, तुला कळलंच असेल."

सौमित्रला खरं तर ओशाळायला हवं होतं, पण त्याला आनंदच झाला. हात निर्दोष सुटला होता! दोन मध्यांमधलं अंतर चौपन्न पूर्णांक आठ हवं होतं. पाहुण्याला त्याने जवळजवळ अडीच मिलिमीटर दूर बसवलं होतं. मग ते चार कसे गेले, हा प्रश्न त्याने तूर्त बाजूला ठेवला.

"पुन्हा दहा शॉट. विज्ञानासाठी."

"विज्ञानाला सांग, घरी आई वाट पाहून राहिली," प्रणोती म्हणाली. पण बसली. "सहाच लागतील हं. पाच आणि थोडं असं चालणार नाही."

या वेळी सौमित्रने घाई केली नाही. प्रत्येक शॉटआधी तो टेबलाभोवती फिरला, वाकला, एक डोळा मिटला, मग दुसरा मिटून पाहिला. आल्हादचा दुसरा समोसाही संपला.

पहिली फेरी, चुकीच्या व्यासाने: दहापैकी चार. दुसरी फेरी, बरोबर व्यासाने: दहापैकी तीन.