खिळ्यावरची किल्ली

मी एक जुने पितळी कुलूप आहे. मित्रांनो, हात न लावता लांबूनच ऐका. सगळे जग सज्जन असते, तर मला घडवलेच कोणी असते?

मालवाहू बोटीवरच्या एका आगवाल्याने मला आपल्या पत्र्याच्या ट्रंकेसाठी विकत घेतले. बॉयलरमध्ये कोळसा टाकणे हे त्याचे काम. माझी एक किल्ली त्याच्या गळ्यात असे, दुसरी घरी बायकोकडे. मला लावले की तो दोनदा ओढून बघायचा. वा, आपल्यासारखाच संशयी माणूस, असे मला वाटे.

मग युद्ध पेटले. रोज कुठली ना कुठली बोट बुडाल्याची बातमी येऊ लागली. एके दिवशी त्याने घाईघाईने ट्रंक भरली आणि खलाशांच्या खाणावळीत ठेवली. मालकाला म्हणाला, "महिन्याभरात आलो नाही, तर घरी पोचवा."

तो आला नाही. ट्रंक घरी पोचली त्याच दिवशी बोटीच्या कंपनीचा कारकूनही दारात हजर. "तुमचा माणूस बोटीवर चढलाच नाही. लपवलाय कुठे?" शेजारणींनी तर कुठल्याशा बंदरात त्याचे दुसरे घर थाटूनसुद्धा दिले.

"माझा मुलगा तसा नाही. उघड ती ट्रंक," सासू म्हणाली.

बायकोने किल्ली खिळ्याला अडकवली. "आत दुसरीची पत्रं निघाली तर, आई?"

निघतीलच, मी मनात म्हणाले. दोनदा ओढून बघणारा माणूस सरळ कसा असेल?

तीन वर्षे गेली. मी गंजले. एक दिवस त्यांची मुलगी फाटक्या बाहीने शाळेतून आली. "सगळ्या म्हणतात, तुझा बाप पळपुटा. खरं का गं?"

आईने हातातले काम टाकले आणि किल्ली काढली. मी अडून बसले. तिने तेल घातले, तरी मी नाही म्हणत होते. शेवटी माझा नाइलाज झाला.

आत सगळ्यात वर चिठ्ठी होती. 'माझ्या कामावरच्या जोडीदाराला ताप भरलाय. गैरहजर राहिला तर त्याचं काम जाईल. त्याची फेरी छोटी आहे, म्हणून त्याच्या नावावर मीच जातोय. माझी बोट सुटायच्या आत परत येईन. युद्धामुळे हल्ली टपालातली पत्रं फोडून वाचतात, म्हणून हे इथे ठेवलंय. ट्रंक मिळाली की लगेच उघड.' खाली बोटीचे नाव होते. ती बोट त्याच आठवड्यात सगळ्या माणसांसकट बुडाली होती.

"लगेच उघड म्हणाले होते, आई," एवढेच बोलून ती सासूच्या मांडीवर कोसळली. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"पण तो जोडीदार गप्प का बसला?" मुलीने विचारले.

"घाबरला असेल, पोरी. आपल्या नावावर दुसरा गेला, हे कुठल्या तोंडानं सांगणार?" आजी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बायकोने कारकुनाला बोलावले. त्याने चिठ्ठी उजेडात धरून उलटसुलट केली. "अक्षर त्याचंच कशावरून?"

"तुम्ही घ्या संशय," ती म्हणाली. "माझा घेऊन झाला."

मित्रांनो, कुलपांना अधूनमधून तेल घालत जा. संशय घेणे हे आमचे काम आहे, ते आम्हालाच करू द्या. घरच्या माणसाबद्दल मनात काही आले, तर किल्ली खिळ्यावर ठेवू नका. त्या बाईला आपल्या माणसासाठी रडायला तीन वर्षे उशीर झाला.